खुलासा : थंडीनं ड्रिलची बॅटरी मरत नाही

‘थंडीत कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी मरते, रात्रभर चार्जरलाच लावून ठेवा,’ असा मेसेज कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोली या औद्योगिक भागांतल्या कारागिरांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

लिथियम-आयन बॅटरीला थंडीची कायमची इजा होते ती ० अंशाखाली चार्ज केल्यावर. तेव्हा लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटच्या (कार्बनच्या) आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या थरासारखं साचतं आणि तेवढी क्षमता गेलीच. कोल्हापुरात जानेवारीची पहाटही इतकी गार नसते. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढतो, म्हणून पहिले काही स्क्रू ड्रिल मंद वाटतं. काम सुरू झालं की बॅटरी आपोआप ऊब धरते. चुलीजवळ शेकू मात्र नका.

इथला खरा शत्रू एप्रिल-मे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत फुल चार्ज बॅटरी ठेवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. महिनाभर वापर नसेल तर बॅटरीवरच्या ४ पैकी २ दिवे लागतील एवढाच चार्ज ठेवा, ड्रिलमधून काढून कोरड्या सावलीत ठेवा. पार रिकामी ठेवणं तर फारच वाईट : १८ व्होल्टच्या पॅकमध्ये सहसा ५ सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यांतला एक जरी २.५ व्होल्टच्या बराच खाली उतरला, तरी अनेकदा चार्जर पॅक घेतच नाही.