‘पॅच लागला की मेल्यावरच सुटका’ म्हणे!

हेल्स एंजल्स, बँडिडोज वगैरे बायकर क्लबांबद्दल एक फॉरवर्ड सारखं फिरतंय: एकदा पॅच (जॅकेटच्या पाठीवरचं क्लबचं चिन्ह, म्हणजे पूर्ण सदस्यत्व) मिळाला की बाहेर पडायचं ते थेट तिरडीवरूनच, सोडणाऱ्याची बाइक जप्त, टॅटू जाळून काढणार, आणि पुरावा म्हणून कॅनडातली दोन हत्याकांडं. वाचायला भारी आहे, पण बरंचसं चुकीचं.

‘सोडताच येत नाही’. येतं की! वय झालं, आजारपण आलं, घरच्यांचा तगादा, अशा कारणांनी लोक बाहेर पडतातच. चॅप्टरच्या, म्हणजे क्लबच्या स्थानिक शाखेच्या, मीटिंगमध्ये सांगायचं (मीटिंगला हे लोक चर्च म्हणतात, काय बोलणार), क्लबची उधारी असेल ती फेडायची, पॅचवालं जॅकेट आणि लोगो असलेल्या वस्तू परत करायच्या, की झालं ‘आउट गुड’, म्हणजे मानाने बाहेर. मग पार्टीला, मयतीला बोलावणंही येतं. आणि पॅच काढून घेणं ही काही शिक्षा नाही, तो पहिल्यापासून क्लबच्याच मालकीचा असतो, हेल्स एंजल्सनी तर आपल्या पंखवाल्या कवटीचं ट्रेडमार्क रजिस्टर करून ठेवलंय आणि ती कुणी वापरली की सरळ कोर्टात खेचतात.

बाइक आणि टॅटू? हे होतं, पण ‘आउट बॅड’ झालेल्याच्या बाबतीत, म्हणजे ज्याने क्लबचे पैसे खाल्ले, पोलिसांना माहिती दिली, असला कोणी. त्याला मारहाण होते, टॅटू काळा करतात, जिवावरही बेतू शकतं, ते मी नाकारत नाहीये. नीट गेलेल्याचा टॅटू बऱ्याचदा तसाच राहतो, खाली फक्त सोडल्याची तारीख घालतात.

आता कॅनडा. 1985 मध्ये क्विबेकमधल्या लेनॉक्सव्हिलला हेल्स एंजल्सनी आपलेच पाच जण मारले, मृतदेह स्लीपिंग बॅगमध्ये घालून नदीत टाकले. 2006 मध्ये ऑन्टारिओत शेडनजवळ बँडिडोजचे आठ जण मारले गेले, तेही बँडिडोजच्याच हातून. पण या तेरा जणांपैकी कुणी क्लब सोडून घरी बसलेलं नव्हतं हो! पहिल्या प्रकरणात क्लबचे पैसे आणि ड्रग्ज खाल्ल्याचा आरोप, दुसऱ्यात क्लबमधलीच अंतर्गत भांडणं. फॉरवर्डवाल्याने बहुतेक फक्त आकडे वाचले.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही: ‘गुड’ की ‘बॅड’ हे क्लब ठरवतो, आणि नंतर बदलूही शकतो. जॉर्ज क्रिस्टी हा हेल्स एंजल्सच्या कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा चॅप्टरचा वर्षानुवर्षं प्रेसिडेंट, 2011 मध्ये त्याने स्वतःहून क्लब सोडला, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे नंतर त्याला मागाहून ‘आउट बॅड’ ठरवलं, कुणी त्याच्याशी बोलायचंही नाही असा हुकूम. त्यानंतर त्या माणसाने पुस्तक लिहिलं, टीव्हीवर येऊन क्लबबद्दल तासन्‌तास बोलला. तिरडी वगैरे काही नाही.