‘तुम्हीच निवडून दिलंत, आता गप्प बसा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रात महायुतीचं सरकार पुन्हा निवडून आलं, तेव्हापासून एक मजकूर या ना त्या रूपात सगळीकडे फिरतोय. कुणी कर्जमाफीबद्दल लिहिलं, लाडक्या बहिणींना महिन्याला 1500 ऐवजी 2100 रुपये देऊ या आश्वासनाचं काय झालं असं विचारलं, सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, की खाली तो येऊन पडतोच. साधारण असा: ‘तुम्हीच निवडून दिलंत ना? पुन्हा निवडून दिलंत म्हणजे सगळं मान्य होतं. आश्वासनं काय, सगळेच देतात. पंधराशे घेताना बरं वाटलं. आता पाच वर्षं तक्रार करायची नाही, पटत नसेल तर 2029 ला बदला. आणि मतदानालाच गेला नसाल तर तोंडही उघडू नका.’

हा मजकूर दोन्हीकडचे लोक पाठवतात. सरकारचे समर्थक ‘गप्प बसा’ या अर्थाने, आणि विरोधातले ‘भोगा आता’ या अर्थाने. दोघांच्या मध्ये सापडतो तो मत दिलेला आणि आता फसवणूक झाल्यासारखं वाटणारा मतदार. मी त्यांच्यातलाच एक आहे. मत महायुतीला दिलं आणि आज राग महायुतीवरच आहे. मत दिलं नसतं तर अपेक्षाही ठेवली नसती, आणि इतका रागही आला नसता. म्हणून या मजकुरातला एकेक मुद्दा घेतो.

‘पुन्हा निवडून दिलंत म्हणजे सगळं मान्य होतं.’ मतदान केंद्रात बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. सात सेकंद दिसते, मग खालच्या डब्यात पडते. मत कशासाठी दिलं, काय पटलं होतं, काय पटलं नव्हतं, यातलं काहीही तिच्यावर नसतं. कुणी रस्ता झाला म्हणून दिलं असेल, कुणी समोरचा उमेदवार नको म्हणून, कुणी कर्जमाफीच्या शब्दावर. या सगळ्यांचं मिळून एकच चिन्ह छापलं जातं. त्या चिन्हातून प्रत्येक निर्णयाला संमती कशी काय वाचता येते?

आकडेही तेच सांगतात. विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा महायुतीतल्या तीन मुख्य पक्षांना मिळाल्या, म्हणजे जवळपास 80 टक्के. मतं मात्र सुमारे निम्मी. मतदान झालं होतं 66 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मतदारयादीतल्या साधारण एक-तृतीयांश लोकांनी सरकारला मत दिलं. सरकार पूर्णपणे वैध आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही; आपल्या पद्धतीत जास्त जागा आणणाराच राज्य करतो. पण ‘महाराष्ट्राने सगळं मान्य केलं’ हे वाक्य या आकड्यांत बसत नाही. शिवाय त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत याच राज्याने महायुतीला 48 पैकी 17 जागा दिल्या होत्या. जूनमध्ये ज्यांना नाकारलं त्यांनाच नोव्हेंबरमध्ये निवडून दिलं. इतक्या लवकर मत बदलणाऱ्या मतदाराची संमती पाच वर्षांसाठी गृहीत धरता येत नाही.

‘आश्वासनं काय, सगळेच देतात.’ या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण आश्वासनावर विसंबून माणसं पुढचे निर्णय घेतात, हे बोलणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

कर्जमाफीचंच पाहा. निवडणुकीच्या तोंडावर महायुतीने कर्जमाफीचा शब्द दिला. पीककर्ज घेतलेला शेतकरी तेव्हा काय करतो? हातात थोडे पैसे असले तरी भरावे की थांबावं, या विचारात पडतो. माफी येणार असेल तर भरलेले पैसे वाया जातील, अशी भीती असते. आधीच्या कर्जमाफ्यांत वेळेवर फेडणाऱ्यांना थकबाकीदारांपेक्षा कमी मिळालं, हा अनुभव गावोगाव आहे. म्हणून अनेक जण थांबतात. मग मार्च 2025 च्या अखेरीस अर्थखातं सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनीच जाहीरपणे सांगितलं, की 31 मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरा. हातात तीन दिवस. जो भरू शकला नाही त्याचं नाव गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या थकीत यादीत गेलं. थकीत झालं की मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं नवं कर्ज अडतं. बियाणं-खत तर घ्यावंच लागतं, मग ते दुकानदाराकडून उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजाने. म्हणजे प्रचारसभेतल्या एका वाक्याची किंमत त्या घराने खरीप सुरू होण्याआधीच मोजली.

पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये शेतकरी नागपुरात रस्त्यावर उतरले, महामार्ग अडले, तेव्हा कुठे सरकारने 30 जून 2026 च्या आत निर्णय घेऊ अशी तारीख दिली. ती तारीख ओरडल्यामुळे मिळाली, गप्प बसल्यामुळे नाही.

सोयाबीनचंही तसंच. प्रचारात क्विंटलला 6000 रुपयांचा शब्द होता. 2025-26 चा केंद्राचा हमीभाव होता 5328. आणि हा हमीभाव तरी प्रत्येकाच्या पदरात कुठे पडतो? खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. परतीच्या पावसात भिजलेला माल त्यात बसत नाही, वाळवायला जागा नसते, आणि मजुरीचे पैसे तर लगेच द्यायचे असतात. शेवटी माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, तो म्हणेल त्या भावात. अशा माणसाने ‘6000 चं काय झालं?’ विचारलं, तर त्याला ‘सगळेच आश्वासनं देतात’ हे उत्तर कोणत्या तोंडाने द्यायचं?

यात कायद्याचाही एक भाग आहे. जाहीरनामा न्यायालयात जाऊन अमलात आणता येत नाही. 2013 साली तामिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जाहीरनाम्यातली आश्वासनं प्रचलित कायद्यानुसार भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत. म्हणजे शब्द मोडला तर मतदाराला दाद मागायला कोर्टाचा दरवाजा नाही. त्याच्याकडे उरतं ते फक्त आठवण ठेवणं आणि बोलणं. तेही करू नका म्हणता, मग दिलेल्या शब्दाला अर्थ काय राहिला?

आता ‘पंधराशे घेताना बरं वाटलं’. हे वाक्य बहुतेक वेळा बायकांना उद्देशून असतं, आणि त्यात तुच्छता भरलेली असते. लाडकी बहीण योजना जून 2024 च्या अर्थसंकल्पात आली, विधिमंडळाने मंजूर केलेल्या पैशातून चालते आणि शासनाच्या नियमांनी चालते. पैसा सरकारी तिजोरीचा आहे. कुठल्या पक्षाने आपल्या खिशातून तो वाटलेला नाही. त्या तिजोरीत साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर जीएसटी भरणारी तीच बाई भर घालत असते. फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर झालं. त्याचा फायदा घेणाऱ्या नोकरदाराला ‘तू मत विकलंस, आता बोलू नको’ असं कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणणंही चूकच ठरेल. मग शेतमजूर बाईलाच का म्हणायचं?

योजना घाईत आणण्यामागे निवडणूक होती, हे मलाही दिसतं. पण तो जाब योजना आणणाऱ्याला विचारायचा की पैसे मिळालेल्या बाईला? निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले. निवडणूक झाल्यावर पडताळणी निघाली: घरात चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचा लाभ घेता का. नमो शेतकरी योजनेचे पैसे घेणाऱ्या बहिणींना 1500 ऐवजी 500 मिळू लागले. 2100 तर मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात आलेच नाहीत. नियम आधीपासून होते असं सरकार म्हणतं. असतील, पण मग ते अर्ज मंजूर करताना का लावले नाहीत, हे तिने विचारायचं नाही का? पैसे घेतल्यामुळे तिचा आवाज बंद होत असेल, तर ती योजना कल्याणाची नव्हती, असं सरकारचे समर्थकच कबूल करताहेत.

‘पाच वर्षं थांबा, 2029 ला बदला.’ राज्यघटना असं म्हणत नाही. कलम 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, आणि ती जबाबदारी सतत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत मसुदा मांडताना हाच फरक समजावला होता. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि आपण जबाबदारी निवडली आहे. सरकारची परीक्षा दोन प्रकारे होते, रोज आणि ठरावीक मुदतीने. आणि भारतासारख्या देशात रोजची परीक्षा अधिक गरजेची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘2029 ला बघू’ म्हणणारे यातला अर्धाच भाग ठेवतात.

आता कुणी म्हणेल, रोजची परीक्षा घेण्याचं काम आमदारांचं. बरोबर आहे. पण या विधानसभेत निवडून आलेल्या एकाही विरोधी पक्षाकडे एक-दशांश, म्हणजे 29 आमदार नव्हते. प्रथेप्रमाणे विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारी संख्याच कुणाकडे नाही. सभागृहात प्रश्न विचारणारे इतके थोडे उरलेले असताना बाहेरच्या मतदारानेही गप्प बसायचं, तर रोजची परीक्षा घेणार कोण? सत्ताधारी आमदारालाही आपल्या मतदारसंघात चिडचिड आहे हे कळलं, तरच तो पक्षाच्या बैठकीत तोंड उघडतो. आणि ती चिडचिड त्याला सगळ्यात जास्त टोचते ती त्याला मत दिलेल्या माणसाकडून आली की. विरोधकाचं बोलणं तो राजकारण म्हणून झटकून टाकू शकतो.

महाराष्ट्राला याची सवय नवी नाही. मार्च 1972 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या होत्या. त्याच वर्षी दुष्काळ पडला, महागाई भडकली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती उभी राहिली आणि मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांच्यात काँग्रेसला मत दिलेल्या कितीतरी जणी असणार. 222 जागांचं यश घराघरांतून मतं मिळाल्याशिवाय येत नाही. दुष्काळी भागात हाताला काम मागणारे मोर्चे निघाले. त्या रेट्यातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि पुढे 2005 साली देशाने तीच वाट धरली. तेव्हाच्या लोकांनी पुढच्या निवडणुकीची वाट पाहायचं ठरवलं असतं तर दुष्काळात खडी फोडायचं कामही मिळालं नसतं.

आज ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना 2011 आठवत असेल. मे 2009 मध्ये मनमोहन सिंगांचं सरकार पुन्हा निवडून आलं होतं. दोनच वर्षांत अण्णा हजारे भ्रष्टाचाराविरुद्धच्या लोकपाल कायद्यासाठी दिल्लीत उपोषणाला बसले आणि देशभर लोक मेणबत्त्या घेऊन बाहेर पडले. तेव्हा ‘2014 ला बदला, तोवर बोलू नका’ असं कुणी म्हटलं असतं तर याच लोकांनी ऐकून घेतलं असतं का? लोकपाल कायदा त्याच सरकारच्या काळात, डिसेंबर 2013 मध्ये संमत झाला. तेव्हा तुम्ही वापरलेला हक्क आज दुसऱ्याला नाकारताय.

अगदी जवळचं उदाहरण पहिलीपासून हिंदीचं. 16 एप्रिल 2025 ला शासन निर्णय निघाला. शिक्षक, पालक, लेखक सगळे बोलू लागले. राज्याच्या स्वतःच्या भाषा सल्लागार समितीनेही विरोध कळवला. 17 जूनला शब्द बदलून नवा निर्णय आला, तोही लोकांना पटला नाही. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. 230 आमदारांचं सरकार, निवडून येऊन जेमतेम सात महिने झालेले, आणि तरी मागे आलं. सरकार पडलं नाही, निवडणूक लागली नाही, कुणाचा जनादेश बुडाला नाही. 2029 पर्यंत थांबलो असतो तर पहिलीतलं पोर तोवर पाचवीत गेलं असतं.

‘मतदानाला गेला नाहीत तर तोंड उघडू नका’ यावर फार लिहायची गरज नाही. मतदान करावंच, असं मलाही वाटतं. पण बोलण्याचा हक्क कलम 19 ने नागरिकाला दिला आहे, बोटावरच्या शाईला नाही. दिवाळीनंतर कोयता आणि बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं मत बीडमध्ये आणि फड कोल्हापुरात असेल, तर त्यांनी रेशन, शाळा, दवाखाना यांबद्दल बोलायचंच नाही का?

शेवटी दोन शब्द ‘भोगा आता’वाल्यांना. तुमचा पक्ष हरला, त्याचं दुःख मी समजू शकतो. पण मत दिलेला माणूस स्वतःहून सरकारला प्रश्न विचारायला लागला, की तुम्ही त्यालाच हिणवता. मग तो पुन्हा आपल्या जुन्या गोटात जाऊन गप्प बसतो, कारण तिथे निदान कुणी त्याला मूर्ख म्हणत नाही. सरकारला नेमकं तेच हवं असतं.

आणि समर्थकांना एवढंच, की मला सरकार पाडायचं नाही. 2100 कधीपासून आणि कुणाला, कर्जमाफीचे निकष काय, वेळेवर फेडणाऱ्याला काय मिळणार, मधल्या काळात थकीत झालेल्यांच्या नव्या कर्जाचं काय, 6000 आणि प्रत्यक्ष विकलेल्या भावातला फरक कोण भरणार, याची उत्तरं हवी आहेत. ती तुमच्याकडे असतील तर द्या. नसतील तर माझ्यासोबत विचारा, कारण सरकार तुमचंही आहे. विचारणाऱ्याने मत कुणाला दिलं होतं, ही चौकशी मात्र करू नका. मी माझं आपणहून सांगितलं, पण ते गुप्त ठेवायचा हक्क प्रत्येक मतदाराला कायद्यानेच दिलेला आहे.