'होऊन जाईल'

स्वतःचं घर बांधून राहायला आलो, आता मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. वर्षभरात मी सगळ्यात जास्त कशाला घाबरलो असेन, तर 'होऊन जाईल' या दोन शब्दांना. खिडकी जरा मोठी करता येईल? होऊन जाईल. जिन्याखाली अडगळीची खोली? होऊन जाईल. आमचा बिल्डर कामाला चोख, पण हे दोन शब्द कायम जिभेवर. अर्थात आम्ही तरी कुठे शहाणे होतो! 'प्रशस्त हवं, हवेशीर हवं' एवढंच सांगत होतो. प्रशस्त म्हणजे किती फूट, हे कोण सांगणार?

पहिल्या प्लॅनमध्ये आमची बेडरूम १० बाय ११ ची होती. कागदावर छान दिसायची. बायकोने खडू घेतला आणि गच्चीवर खऱ्या मापाची खोली आखली. १० फुटांच्या अंगाने साडेसहा फुटांचा पलंग, समोर २ फूट खोल कपाट. उरलं दीड फूट. त्यात कपाटाचं दार उघडायचं आणि माणसानेही उभं राहायचं! ती त्या पट्ट्यातून आडवी सरकत चालून दाखवायला लागली. बिल्डर आधी हसला, मग गप्प झाला, मग स्वतःच टेप काढून वाकला. कपाट बाजूच्या भिंतीला गेलं, त्याचं दार सरकतं झालं.

जिन्यावरून मात्र चांगलीच जुंपली. दोन मजल्यांत १० फुटांचं अंतर. त्याने ८ इंची १५ पायऱ्या धरलेल्या. ७ इंची करायच्या तर १७ लागतात, जिना लांबतो आणि हॉलचे दीड-पावणेदोन फूट जातात. हॉलसाठी माझाही जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. "एका इंचाने काय होतंय?" असं तो म्हणाला, तेव्हा बाबांनी नुसता गुडघा चोळला. हॉल लहान झाला.

'आर्किटेक्टने काढायचं, बिल्डरने बांधायचं' हे मला अजिबात पटत नाही. प्लॅन कागदावर असतानाच बिल्डर समोर बसलेला हवा. वरचं बाथरूम आम्ही जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. तोच म्हणाला, "खालच्या बाथरूमच्या डोक्यावर घ्या. पाइप सरळ उतरतील, आणि उद्या गळलंच तर ताटात नाही पडणार." हे स्लॅब ओतून झाल्यावर सुचलं असतं तर फोडाफोड, नवे पाइप, पुन्हा वॉटरप्रूफिंग.

म्हणून एक वही केली. काय बदललं, किती पैसे वाढले, किती दिवस वाढले, खाली दोघांच्या सह्या. "विश्वास नाही का?" म्हणून तो सुरुवातीला रुसला. पुढे मीच एकदा 'हे आधीच ठरलं होतं' म्हणून अडून बसलो, तर त्याने शांतपणे वही पुढे सरकवली. चूक माझी निघाली!

इतकं करूनही बेडरूमचा स्विचबोर्ड दाराआड गेलाच. वायरिंग झाल्यावर आम्ही दार उघडायची बाजू बदलली, वहीत लिहिली, सह्याही केल्या, पण बोर्ड कुणाच्याच डोक्यात आला नाही. रोज रात्री अंधारात आत शिरायचं, दार अर्धं लोटायचं, मागे हात घालून चाचपडायचं. काल बिल्डरला फोन केला.

"होऊन जाईल," म्हणाला.

म्हटलं, तारीख सांगा, वही काढतो.