हळदीच्या काढ्याने राणीखेत थांबत नाही

परवा रात्री धाकट्या भावाचा मोहोळहून फोन आला. "अण्णा, एकविसाव्या दिवसाचा लासोटा देत नाही. ही बॅच काढ्यावरच काढतो." लासोटा म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लस. त्याचं तीन हजार पक्ष्यांचं, म्हणजे ब्रॉयलर (मांसासाठीच्या) कोंबड्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारातलं नाही, स्वतःच्या पैशांनी भरलेलं. पाठोपाठ त्याने त्या काढ्याचा मेसेज पाठवला. तीन ग्रुपांत तो मी आधीच पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता घरातच शिरला म्हटल्यावर नीट वाचला.

मेसेजचं म्हणणं असं: ब्रॉयलर हार्मोनच्या इंजेक्शनने वाढतो. त्याऐवजी हळद, लसूण, आलं, कडुनिंब आणि गुळाचा काढा रोज पाण्यातून द्या. लस आणि अँटिबायोटिक ही 'केमिकल' बंद करा. मरतुक शून्य, २८ दिवसांत अडीच किलो वजन.

आधी लसीचं बोलतो, कारण पक्षी मरणार ते यामुळे. लस आणि अँटिबायोटिक एकाच दावणीला बांधणाऱ्याला दोन्हींतलं काही कळत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. राणीखेत आणि गम्बोरो हे विषाणूंचे रोग. एकदा शेडात शिरले की त्यांच्यावर औषध नाही, मेडिकलमधलं नाही आणि स्वयंपाकघरातलंही नाही. हिरवी हगवण, धाप, पिळवटलेली मान, लुळे पडलेले पाय ज्याने एकदा पाहिलेत त्याला हे सांगावं लागत नाही. गम्बोरो तर पक्ष्याची प्रतिकारशक्ती जिथे तयार होते तो अवयवच पोखरतो. रोग यायच्या आधी शरीराला त्याची ओळख करून देणं हे लसीचं काम. हळद ते करत नाही, कितीही घाला.

"आमची मागची बॅच बिनलसीची निघाली," असं सांगणारे भेटतात. निघते एखादी. आईकडून आलेलं संरक्षण पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे थोडंफार असतं. ते ओसरतं नेमकं पक्षी वजनाला भरायला लागतो तेव्हा. आणि रोग एका शेडात थांबत नाही. चपलांवरून, खाद्याच्या पोत्यांवरून, गाडीच्या चाकांवरून तो शेजारी जातो. वस्तीवरच्या म्हातारीच्या गावरान कोंबड्याही त्यात जातात, तिने काय केलं होतं?

हार्मोनची अफवा तर जुनीच. तीन हजार पक्ष्यांना पुन्हापुन्हा टोचायला माणसं कुठून आणणार? खाद्यातून द्यावं तर वाढीचा हार्मोन हे प्रथिन, ते पोटात पचून जातं. पक्षी वाढतो तो जातीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या जाती एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवल्या, २०१४ साली निष्कर्ष छापून आले. ५६व्या दिवशी १९५७च्या जातीचं सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८च्या १,८०८ आणि २००५च्या ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीचा. २८ दिवसांत अडीच किलो म्हणणाऱ्याने सोलापुरात एप्रिलमध्ये बॅच काढून दाखवावी. पारा चाळिशीपार गेला की पक्षी खाणं टाकून चोच उघडी ठेवून बसतो. तेव्हा त्या वयाला दीड किलो भरला तरी बॅच चांगली म्हणायची.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अँटिबायोटिकचा वापर बेसुमार झाला, हे खरं. युरोपने वाढीसाठी ती खाद्यात घालणं २००६पासून बंद केलं, आपल्याकडे कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९मध्ये बंदी आली. त्याला पर्याय म्हणून लसूण, ओव्याच्या जातीच्या वनस्पतींचं तेल, सेंद्रिय आम्लं, प्रोबायोटिक (आतड्यांना उपकारक जिवाणू) यांचा आतड्यांसाठी काही उपयोग दिसतो, कधी कमी, कधी जास्त. पण तो खाद्याला जोड म्हणून, मोजून-मापून. लसीच्या जागी नाही.

गुळाचं पाणी पिल्लं उतरवल्यावर पहिले काही तास देतात, ते बरोबरच आहे. रोज दिलं तर विष्ठा पातळ, खाली अंथरलेलं तूस ओलं, शेडात अमोनिया आणि त्या ओलीत कॉक्सी हा आतड्यांचा रोग. पक्षी पाणी पितात त्या निपलमध्ये चिकटा बसतो तो वेगळाच. कडुनिंबाने पाणी कडू झालं की पक्षी पाणी पिणं कमी करतो आणि मग खाद्यही.

शुक्रवारी एकविसावा दिवस. लस बर्फात आणायची, पाण्यात क्लोरिन नको, आधी दूध पावडर कालवायची, तासभर पक्षी तहानलेले ठेवून पहाटेच्या गारव्यात द्यायची. त्या दिवशी टाकीत दुसरं काही पडता कामा नये. पाच वाजता शेडवर येतोय, असं भावाला कळवलंय.