ती रोपाची किंकाळी नव्हे

‘उगवत्या रोपावर अचानक उजेड पडला की ते वेदनेने विजेची किंकाळी फोडतं, यंत्रांनी ती टिपली आहे, म्हणून कोंब फुटल्यावर दहा दिवस रोपाला पूर्ण अंधारात ठेवा.’ हा निरोप फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो इमानाने पाळला. काल तिच्या ट्रेमधले वीतभर लांबलेले, पिवळे, माना टाकलेले कोंब पाहिले आणि राहवलं नाही.

आधी अंधाराचं बोलू, कारण नुकसान त्यानेच होतं. उजेड मिळेपर्यंतची शिदोरी बीमध्ये असते, आणि ती मोजकीच असते. अंधारातला कोंब आपण अजून मातीखालीच असल्यासारखा वागतो. सगळी शिदोरी उंच होण्यात घालवतो. पानं उघडत नाही, हरितद्रव्य बनवत नाही. शिदोरी संपली की मरतो. काही बिया रुजायला अंधार लागतो, कबूल. पण कोंब वर आल्यावर अंधार कशाला?

आता ती ‘किंकाळी’. उजेडाने रोपात विद्युत बदल होतो, एवढं मात्र खरं आहे. स्पाल्डिंग आणि कॉसग्रोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८९ साली अंधारात वाढवलेल्या काकडीच्या रोपांवर निळा प्रकाश टाकून तो मोजला. पेशीपटलावरचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरचा, विद्युतदाब १०० मिलिव्होल्टपर्यंत बदलला आणि दोन-तीन मिनिटांत जवळजवळ पूर्ववत झाला. या बदलापाठोपाठ, प्रकाश पडल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात, खोडाचं लांबणं मंदावलं. उजेडात आलेल्या रोपाने नेमकं हेच करायचं असतं! तांबड्या-हिरव्या प्रकाशाने यातलं काही घडलं नाही, आणि प्रकाश न पडलेल्या भागात तो बदल पसरलाही नाही. वेदनेची हाक अशी रंग पाहून उठते का? पटलातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत-बाहेर झाले की दाब बदलतो. हे प्रत्येक जिवंत पेशीत चालतं. वेदना जाणवायला लागणारे मज्जातंतू आणि मेंदू रोपाला नाहीत.

निरोपात खोटं पकडणाऱ्या यंत्राचाही दाखला आहे. असं यंत्र चालवण्यातले अमेरिकी तज्ज्ञ क्लीव्ह बॅक्स्टर यांनी १९६६मध्ये ते झाडाच्या पानाला जोडलं आणि जवळ जीव मेला तरी झाडाला कळतं असा दावा केला. काटेकोर प्रयोगांत तो टिकला नाही. ते निष्कर्ष १९७५मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले. झाडांचं ‘संगीत’ ऐकवणाऱ्या यंत्रातले सूर तर यंत्र बनवणाऱ्यानेच ठरवलेले असतात.

कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात आणा. आधीच पिवळा पडला असेल तर एकदम भर उन्हात नको, कोवळी पानं करपतात. काही दिवस सौम्य उजेडात ठेवा. मावशीचा ट्रे मी सकाळीच खिडकीशी हलवला. काही कोंब सावरतील असं वाटतं. आडवे झाले ते गेले.