गोव्यात राहून पृथ्वी सपाट कशी ठेवावी

पृथ्वी सपाट आहे असं तुम्ही ठरवलंच असेल तर अभिनंदन. पण गोव्यात राहून हे मत सांभाळणं म्हणजे खायचं काम नव्हे. डोंगरांच्या कुशीत राहणाऱ्यांचं बरं असतं, क्षितिज दिसायचा प्रश्नच येत नाही. इथे समुद्र उठसूट समोर येतो.

तेव्हा संध्याकाळी दुर्बीण घेऊन दोनापावलच्या जेटीवर जाऊ नका. बाहेर निघालेलं जहाज आधी बुडाकडून नाहीसं होतं, मग डेक, शेवटी नुसतं धुराडं उरतं. हा नजरेचा दोष आहे म्हणून सांगा. दुर्बिणीतून बूड परत का दिसत नाही असं कोणी विचारलंच, तर मोबाईल वाजल्याचं नाटक करून बाजूला व्हा. आग्वादचा दीपस्तंभ खाली वाळूत न बांधता टेकडीवर का चढवला, हा विषयही काढू नका.

गावातल्या निवृत्त तारवट्यापासून, म्हणजे जहाजावरच्या जुन्या खलाशापासून, चार हात लांब राहा. पूर्वेला निघून पश्चिमेकडून घरी आलेला माणूस तो. 'तुम्ही उत्तर ध्रुवाभोवती गोल फिरलात' असं सांगून त्याला गप्प करता येईल असं वाटतं, पण तो केपटाउन ते पर्थची खेप काढतो. उत्तर ध्रुव मधोमध ठेवलेल्या तुमच्या सपाट नकाशावर ते अंतर खऱ्याच्या दुपटीहून जास्त भरतं. मग तो चहाची बशी खाली ठेवतो आणि शांतपणे विचारतो, "पुता, मग एवढी वाट आम्ही अर्ध्या तेलात कशी कापली?" मागे बसलेले सगळे हसतात. हसू द्या. गॅलिलिओलाही लोक हसले होते असं म्हणा. तो कोणत्या बाजूचा होता हे फारसं कोणी तपासत नाही.

खरी पंचाईत वास्कोत आहे. तुमच्या मते अंटार्क्टिका हा खंडच नव्हे, समुद्र सांडू नये म्हणून घातलेला बर्फाचा कठडा, आणि तिथे कोणाला फिरकू देत नाहीत. नेमकी भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा चालवणारी संस्था वास्कोच्या हेडलँड सड्यावर! पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. १९८९ मध्ये मैत्री तळ सुरू झाला, २०१२ मध्ये भारती. शास्त्रज्ञ, डॉक्टर, स्वयंपाकी, मेकॅनिक तिथे राहून परत येतात आणि तिथल्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळत नाही असं सांगतात. कठड्यावर असं कसं घडेल याचं उत्तर नकाशात नाही, म्हणून सगळे विकले गेलेत असं ठोकून द्या. आपल्या वाड्यावर सोयरिकीची बोलणी दोन दिवस गुप्त राहत नाहीत, पण हे गुपित मात्र चार दशकं टिकलंय, यावर तुमचा विश्वास पाहिजे.

स्वतः प्रयोग तर मुळीच करू नका. अमेरिकेतल्या तुमच्या मंडळींनी वीस हजार डॉलरचा लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं यंत्र, आणला. पृथ्वी फिरत असेल तर त्याने तासाला १५ अंश सरकायला हवं होतं, आणि तो मेला बरोबर तेवढाच सरकला! मग दोष आकाशातून येणाऱ्या कसल्याशा ऊर्जेवर ढकलावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये एका पाद्रीबाबाने तुमच्यातल्या काहींना थेट अंटार्क्टिकाला नेलं. सूर्य चोवीस तास न मावळता आकाशात फिरताना पाहून एकाने आपलं चुकल्याचं कबूलही केलं. घरी बसलेल्यांनी लगेच त्याला फितूर ठरवलं. त्या मानाने घरी बसणं स्वस्त.

आता हसणाऱ्यांना एक सल्ला फुकट. यांच्याशी पैज लावू नका. १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या नामांकित निसर्गशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या एका कालव्यावर पाण्याचा बाक दाखवून पाचशे पौंडांची पैज जिंकली. हरलेल्या जॉन हॅम्पडनने पुढे वर्षानुवर्षं त्याची बदनामी केली, त्याच्या बायकोला धमकीचं पत्र पाठवलं, तुरुंगात जाऊन आला आणि पुन्हा सुरू झाला. वर पैज कायद्यात बसत नाही म्हणून कोर्टाने हॅम्पडनचे पैसे त्याला परत देववले. तुम्हाला म्हापशाच्या कोर्टात तारखा घेत बसायची हौस असेल, तर खुशाल लावा.