‘अमेरिकेत पोटनिवडणुकाच नव्हत्या’ हा दावा खोटा आहे

पोटनिवडणूक जाहीर झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेच्या घटनाकारांनी पोटनिवडणूक हा प्रकारच ठेवला नव्हता. सदस्य वारला किंवा राजीनामा देऊन गेला, तर राज्याचा गव्हर्नर आपल्या मर्जीतला माणूस नेमायचा, नाहीतर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खुर्ची रिकामी राहायची. कुठे चुकूनमाकून पोटनिवडणूक झालीच तर तो नुसता सोपस्कार; तिच्यातून नाव घेण्यासारखा माणूस आला नाही, की तिच्यामुळे देशाच्या राजकारणात काही हललं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तात्पर्य येतं: ते शहाणे, त्यांनी जनतेचा पैसा वाचवला, आपण मात्र एकेका जागेसाठी कोट्यवधी उधळतो.

पोटनिवडणुकांच्या खर्चाबद्दल जरूर बोलावं. पण त्यासाठी दुसऱ्या देशाच्या इतिहासात नसलेल्या गोष्टी घालू नयेत. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि एक-दोन अर्धसत्यं आहेत ती जास्त फसवी आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“घटनेत तरतूदच नव्हती, गव्हर्नर माणूस नेमायचा.”

१७८७ साली लिहिलेल्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात, प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कलमात, ही तरतूद आहे. एखाद्या राज्याच्या प्रतिनिधित्वात जागा रिकामी झाली तर त्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने ती भरण्यासाठी निवडणुकीचा हुकूम काढायचा, असं ते कलम सांगतं. गव्हर्नरला नेमणुकीचा अधिकार नाही, फक्त निवडणूक लावण्याचं कर्तव्य आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आजवर एकही सदस्य नेमणुकीने बसलेला नाही.

नेमणूक होती ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. तेव्हा सिनेटर लोकांनी निवडायचे नव्हते, राज्याच्या विधिमंडळाने निवडायचे होते. विधिमंडळ भरलेलं नसताना जागा रिकामी झाली तर गव्हर्नरने तात्पुरता माणूस पाठवायचा, आणि विधिमंडळ भरलं की त्याने रीतसर निवड करायची. मजकूर लिहिणाऱ्याने सिनेटचा नियम उचलून प्रतिनिधीगृहाला चिकटवला आहे.

दोन्ही सभागृहांतला फरक पहिल्याच काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; तिच्या दोन वर्षांच्या प्रत्येक मुदतीलाही एक काँग्रेस म्हणतात), एकाच राज्यात, तीन महिन्यांच्या आत दिसला. व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ग्रेसन १२ मार्च १७९० रोजी वारले. गव्हर्नर बेव्हर्ली रँडॉल्फ यांनी महिनाअखेर जॉन वॉकर यांना नेमलं, आणि नोव्हेंबरात विधिमंडळाने त्या जागी जेम्स मन्रो यांना निवडलं. हेच मन्रो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी १ जूनला व्हर्जिनियाचेच प्रतिनिधी थिओडोरिक ब्लँड न्यूयॉर्कमध्ये वारले. पदावर असताना मरण पावलेले ते प्रतिनिधीगृहाचे पहिले सदस्य. इथे मात्र नेमणूक झाली नाही. मतदान झालं, विल्यम ब्रँच जाइल्स निवडून आले, आणि डिसेंबरात अधिवेशन भरलं तेव्हा ते जागेवर होते. याच जाइल्स यांनी १७९३ मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या कारभारावर ठपका ठेवणारे ठराव मांडून सभागृह दणाणून सोडलं.

ही पद्धत घटनाकारांना काही आकाशातून मिळाली नव्हती. वसाहतींच्या काळापासून ती त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळातले लुइझा काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्हा) सदस्य विल्यम जॉन्सन यांनी कॉरोनरचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, पद घेण्यासाठी १७६५ मध्ये जागा सोडली. पोटनिवडणुकीत पॅट्रिक हेन्री निवडून आले आणि २० मे रोजी विल्यम्सबर्गला त्यांनी शपथ घेतली. अवघ्या नऊ दिवसांनी, २९ मे रोजी, या नव्या सदस्याने स्टॅम्प ॲक्टविरुद्धचे, म्हणजे ब्रिटिशांनी वसाहतींतल्या कागदपत्रांवर लादलेल्या कराविरुद्धचे, ठराव मांडले. जुनेजाणते सदस्य बिचकले, ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर यांनी सभागृहच बरखास्त केलं, आणि ते ठराव वसाहतीवसाहतींच्या वर्तमानपत्रांतून पसरले. अमेरिकन क्रांतीच्या सुरुवातीचा इतका मोठा आवाज पोटनिवडणुकीतून आलेला असताना, त्या देशाला पोटनिवडणूक ठाऊक नव्हती असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

“जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकाम्याच राहत.”

हे अर्धसत्य. काही जागा खरंच रिकाम्या राहिल्या. जॉर्जियाचे जेम्स जोन्स ११ जानेवारी १८०१ रोजी वारले. मुदत ३ मार्चला संपत होती आणि राज्य राजधानीपासून दूर, त्यामुळे ती जागा भरली गेली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं लागत. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत की पुन्हा मतदान, परत नाही मिळाली की आणखी एकदा. तिथे वेळ जाई.

पण तारखांमधली मोठी अंतरं पाहून फसगत होते, ती वेळापत्रक माहीत नसल्यामुळे. सदस्यांची मुदत ४ मार्चला सुरू व्हायची, मात्र काँग्रेसचं नियमित अधिवेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरायचं. एप्रिलमध्ये राजीनामा दिलेल्या सदस्याची जागा ऑक्टोबरात भरली, तर मधल्या काळात सभागृह बहुधा बसलेलंच नसे.

अधिवेशन चालू असताना मात्र घाई केली जाई. व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ मे १८३३ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी टॉमस बोल्डिन निवडून आले. रँडॉल्फ यांच्या निधनाची रीतसर वार्ता सभागृहाला का दिली नाही, असा बोल त्यांना लागला होता. ११ फेब्रुवारी १८३४ रोजी त्याचा खुलासा करायला ते उभे राहिले आणि बोलता बोलता कोसळले. तिथेच त्यांचा अंत झाला. त्याच जागेसाठी दुसरी पोटनिवडणूक लागली आणि साधारण महिनाभरात त्यांचे भाऊ जेम्स बोल्डिन निवडून आले. एका जागेसाठी, एकाच काँग्रेसच्या मुदतीत, दोन पोटनिवडणुका. पैसे आणि वेळ वाचवायचा असता तर दुसरी टाळायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स २३ फेब्रुवारी १८४८ रोजी कॅपिटॉलच्या इमारतीतच वारले. त्यांच्या जागी शिक्षणसुधारक होरेस मान ३ एप्रिलला निवडून आले. चाळीस दिवसांत.

“या वाटेने कुणी मोठा माणूस आला नाही.”

होरेस मान यांचं नाव आलंच. पण १८१६ चं एकच वर्ष पाहिलं तरी पुरे. ओहायोचे जॉन मॅक्लीन न्यायाधीश व्हायला गेले, त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन आले. व्हर्जिनियाचे जॉन क्लॉप्टन सप्टेंबरात वारले, त्यांच्या जागी डिसेंबरात जॉन टायलर आले. हॅरिसन अमेरिकेचे नववे राष्ट्राध्यक्ष, टायलर दहावे. दोघेही राज्याचे प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय सभागृहात पहिल्यांदा आले ते एकाच काँग्रेसमध्ये, पोटनिवडणुकीतून.

टायलर यांची लढत सोपीही नव्हती. समोर अँड्र्यू स्टीव्हन्सन होते, जे पुढे प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले, आणि टायलर थोडक्या मतांनी जिंकले. व्हर्जिनियात तेव्हा चिठ्ठी टाकून मतदान होत नसे. मतदार काउंटीच्या कोर्टात यायचा, शेरीफसमोर उभा राहायचा आणि उमेदवाराचं नाव मोठ्याने उच्चारायचा. कारकून त्याचं नाव त्या उमेदवाराच्या रकान्यात लिहून घ्यायचा. उमेदवार अनेकदा तिथेच बसलेला असे आणि मत दिल्याबद्दल सगळ्यांदेखत आभार मानी. कोण कुणाकडे गेलं हे अख्ख्या काउंटीला कळे. अशा ठिकाणी, अटीतटीच्या लढतीत उघडपणे मत देणाऱ्यांच्या दृष्टीने तो सोपस्कार खचितच नव्हता.

आणखी एक उदाहरण तर या दाव्याच्या मुळावरच येतं. १८१५ मध्ये सुरू झालेल्या काँग्रेससाठी हेन्री क्ले निवडून आले होते, पण ते युरोपात होते, ब्रिटनशी व्यापारी कराराच्या वाटाघाटी करत. सरकारचं राजनैतिक पद स्वीकारल्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली, असं केंटकीच्या गव्हर्नरने जाहीर केलं. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली आणि क्ले आपल्याच रिकाम्या जागेवर पुन्हा निवडून आले. डिसेंबरात ते पुन्हा सभापती झाले. देशातल्या सर्वात वजनदार पुढाऱ्यालाही मतदारांकडे परत जाण्यातून सूट मिळाली नाही.

“त्यांच्यामुळे काही हललं नाही.”

हा मुद्दा सर्वात चुकीचा आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

क्रांतियुद्धाचे नावाजलेले सेनानी अँथनी वेन १७९१ मध्ये जॉर्जियातून निवडून आले. पराभूत जेम्स जॅक्सन यांनी निवडीला आव्हान दिलं. मतमोजणीत हेराफेरी झाल्याचं पुढे आलं. त्यात गुंतलेल्या न्यायाधीशाला जॉर्जियाने पदावरून काढलं. मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधीगृहाने वेन यांची निवड रद्द केली. जॅक्सन यांचं म्हणणं होतं, मग जागा मला द्या. मतं समसमान पडली आणि सभापती जोनाथन ट्रंबुल यांच्या मताने ती मागणी फेटाळली गेली. जागा रिकामी, निर्णय मतदारांकडे. जुलैत जॉन मिलेज निवडून आले. देश अजून बाळसं धरत होता, तेव्हाच हा पायंडा पडला.

मिसिसिपीची कथा आणखी गुंतागुंतीची. तिथे काँग्रेसच्या निवडणुका विषम वर्षांच्या नोव्हेंबरात होत. एरवी त्याने अडत नसे, कारण अधिवेशन डिसेंबरात. पण १८३७ च्या आर्थिक संकटात बँका कोलमडल्या आणि राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांनी सप्टेंबरातच खास अधिवेशन बोलावलं. मिसिसिपीचे दोन्ही प्रतिनिधी अजून निवडलेलेच नव्हते. गव्हर्नर चार्ल्स लिंच यांनी जुलैत खास निवडणूक घेतली, नोव्हेंबरपर्यंतच्या कामापुरती. डेमोक्रॅट पक्षाचे क्लेबोर्न आणि गोल्सन निवडून आले. सभागृहात पोचल्यावर त्यांनी पूर्ण दोन वर्षांवर हक्क सांगितला, आणि बहुमत त्यांच्याच पक्षाचं असल्याने सभागृहाने तो मान्यही केला.

नोव्हेंबरात ठरल्याप्रमाणे मतदान झालं आणि व्हिग पक्षाचे सार्जंट प्रेंटिस आणि टॉमस वर्ड जिंकले. एका राज्याच्या दोन जागांवर आता चार माणसं. प्रेंटिस यांनी आपली बाजू मांडताना तीन दिवस भाषण केलं. फेब्रुवारी १८३८ मध्ये सभागृहाने आपला आधीचा निर्णय मागे घेतला. मात्र प्रेंटिस-वर्ड यांना बसवायचं का यावर मतं समसमान झाली, आणि सभापती जेम्स पोक यांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. पुन्हा जागा रिकाम्या. एप्रिलमध्ये मिसिसिपीच्या मतदारांनी वर्षभरात तिसऱ्यांदा मतदान केलं, प्रेंटिस आणि वर्ड यांनाच निवडलं, आणि ३० मे रोजी ते दोघे अखेर सभागृहात बसले. पक्षीय बहुमताने दोनदा अडवलेली माणसं मतदारांनी दोनदा पाठवली.

त्याहून मोठं काम १८४२ मध्ये झालं. क्रिओल नावाच्या जहाजावरच्या गुलामांनी बंड करून जहाज ब्रिटिशांच्या नासाऊ बंदरात नेलं होतं. ओहायोच्या जोशुआ गिडिंग्ज यांनी ठराव मांडले की भर समुद्रात व्हर्जिनियाचा गुलामगिरीचा कायदा चालत नाही, त्या लोकांनी आपलं स्वातंत्र्य परत मिळवलं यात गुन्हा नाही. २२ मार्चला सभागृहाने १२५ विरुद्ध ६९ मतांनी त्यांच्यावर ठपका ठेवला, बाजू मांडू न देता. गिडिंग्ज राजीनामा देऊन घरी गेले. २६ एप्रिलच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना प्रचंड बहुमताने परत पाठवलं, आणि ५ मे रोजी ते पुन्हा सभागृहात होते. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्याला सभागृहाने गप्प करायचं आणि मतदारांनी ते उलटवायचं, हे त्या पोटनिवडणुकीशिवाय घडलंच नसतं.

हेच हत्यार उलट बाजूनेही वापरलं गेलं, हे लपवायचं कारण नाही. २२ मे १८५६ रोजी साउथ कॅरोलिनाच्या प्रेस्टन ब्रुक्स यांनी गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना सिनेटच्या दालनात काठीने रक्तबंबाळ केलं. हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत, ब्रुक्स यांनी राजीनामा दिला, आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. तो निकाल मला किळसवाणा वाटतो. मतदार होते ते गोरे पुरुषच; साउथ कॅरोलिनात बहुसंख्य असलेल्या गुलामांना मत नव्हतं, उलट जागा वाटताना एकेक गुलाम तीन पंचमांश माणूस धरला जाई आणि त्या हिशेबाने मालकांच्या राज्याच्या जागा वाढत. त्या काळच्या पोटनिवडणुकांवर टीका करायची तर ती इथे करावी, मतं कुणाची नव्हती यावर.

“हा खर्च वाचवायचा शहाणपणा आपण शिकावा.”

यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पुण्याची लोकसभेची जागा मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट यांच्या निधनाने रिकामी झाली, मुदत संपायला वर्षाहून जास्त काळ उरला होता, आणि आपल्या कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा आहे. निवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरात ती तातडीने घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि पुण्याची जागा थेट २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीतच भरली. मजकूर ज्याला शहाणपण म्हणतो तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेला. त्या वर्षात पुण्याच्या वतीने लोकसभेत प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

अमेरिकेत पुढे बदल झाला तो उलट्या दिशेने. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटर थेट लोकांनी निवडायचे ठरले, आणि सिनेटच्या रिकाम्या जागेसाठीही गव्हर्नरने निवडणुकीचा हुकूम काढायचा हे त्यात लिहिलं गेलं. विधिमंडळाने मुभा दिली असेल तरच, आणि तीही निवडणूक होईपर्यंतच, तात्पुरती नेमणूक करता येते. प्रतिनिधीगृहाचं १७८७ चं कलम मात्र आजही तसंच आहे.